नाताळच्या सकाळचे फुगे: पुण्याच्या थंडीत पीठ वर येत नाही, मदत हवी आहे

बाटली_मसाला

नमस्कार मंडळी. पाककृती विभाग उलटापालटा करून झाला. फुग्यांचे एक-दोन ओझरते उल्लेख सोडले तर हाती काही लागलं नाही, म्हणून नवा धागा काढतोय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

आम्ही मूळचे वसईचे ख्रिस्ती. नाताळच्या सकाळी आमच्याकडे नाश्ता एकच, फुगे आणि सोरपोतेल (डुकराचं मटण आणि काळीज यांचा व्हिनेगर घातलेला रस्सा). ज्यांनी फुगे खाल्ले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो: मैदा, अंडी, नारळाचं दूध, थोडी साखर, मीठ, आणि आंबवायला पूर्वी ताडी, आता यीस्ट. हे सैल, चिकट पीठ हाताने भरपूर फेटायचं, वर येऊ द्यायचं आणि त्याचे गोळे तेलात सोडायचे. आतून जाळीदार आणि किंचित गोड होतात. सोरपोतेलच्या आंबट-तिखट रश्शात बुडवून खायचे.

आईचं उजवं मनगट दिवाळीनंतर मोडलं. प्लास्टर जानेवारीपर्यंत राहील, म्हणून आई-बाबा सध्या पुण्यात आमच्याकडे आहेत. म्हणजे यंदा नाताळ गावाबाहेर, आणि फुगे माझ्या हातचे. मला ते नीट करायचेच आहेत आणि त्याचं कारण आई आहे. नाताळच्या सकाळी ती ताट घेऊन बसलीय असं मी कधी पाहिलेलं नाही. आम्ही सगळे नवे कपडे घालून टेबलाशी, येणारे-जाणारे चालूच, आणि ती कढईपाशी. शेवटचा घाणा निघेपर्यंत साडेदहा वाजायचे. मग एखादा गार फुगा चहात बुडवून उभ्याउभ्या खायची आणि दुपारच्या जेवणाच्या तयारीला लागायची. आजीचंही तेच असायचं असं बाबा सांगतात. यंदा तिचा हात गळ्यात आहे, म्हणून तरी ती बसेल. पहिल्या घाण्यातले फुगे तिच्या ताटात पडावेत अशी माझी फार इच्छा आहे.

हा नाश्ता एवढा भरभक्कम का, तेही बाबांकडूनच कळलं. त्यांच्या लहानपणापर्यंत मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, कम्युनियन (पवित्र भाकर) घ्यायचं तर आदल्या मध्यरात्रीपासून पोटात अन्नाचा कण जाऊ द्यायचे नाहीत, पूर्वी तर पाणीसुद्धा नाही. १९५७ साली पोप पायस बारावे यांनी तो उपास तीन तासांवर आणला आणि १९६४ मध्ये पोप पॉल सहावे यांनी एका तासावर. शिवाय २४ डिसेंबर हाही तेव्हा उपासाचा दिवस, मटण वर्ज्य. सकाळची मिस्सा करून घरी आलेल्या माणसासमोर डुकराचं मटण आणि तळलेले फुगे येत, तेव्हा तो आदल्या दिवसापासून रिकाम्या पोटी असे. बाबा हे सांगताना अजूनही आवंढा गिळतात.

आता अडचण. गेल्या रविवारी अर्धा किलो मैद्याचे करून पाहिले. रात्री अकराला सगळं एकत्र कालवलं: मैदा, दोन अंडी, फ्रीजमधलं पाकिटातलं नारळाचं दूध, छोटा चमचा इन्स्टंट यीस्ट. ओट्यावर झाकून ठेवलं. सकाळी सातला पीठ होतं तिथेच आणि घट्टही झालेलं. तळले तर बाहेरून तांबूस, आत गच्च. वसईत डिसेंबरमध्ये रात्र एवढी गार नसते, इथे आमचं स्वयंपाकघर चांगलंच थंड पडतं. आईला प्रमाण विचारलं तर म्हणते, "पीठ हाताला चिकटलं पाहिजे आणि सुटलंही पाहिजे." चमच्या-वाटीत तिला सांगताच येत नाही, आणि हात घालून दाखवावं तर प्लास्टर.

तर थंडीत यीस्ट किती घालू, पीठ कधी भिजवू? आम्ही रात्रीच्या मिस्सेला जाणार, परतायला एक वाजेल. सकाळी साडेआठला बारा माणसं टेबलावर हवीत. त्यात माझे सासू-सासरे साताऱ्याहून येताहेत, ते डुकराचं खात नाहीत. आणि सोरपोतेल किती दिवस आधी करावं? बाबा म्हणतात चार, आई म्हणते दोन.

पावमास्तर

बेकरीचं काम करतो, त्यामुळे पिठाबद्दल बोलू शकेन. फुगे घरी एकदाच केलेत.

तुमच्या यीस्टचा दोष वाटत नाही. नारळाच्या दुधातलं तेल साधारण २४ अंशांच्या खाली थिजतं. फ्रीजमधलं दूध, फ्रीजमधली अंडी आणि पुण्याची डिसेंबरातली रात्र, म्हणजे सगळं पीठच आखडलं. यीस्ट जिवंत असेल पण अशा पिठात त्याचं काम फारच हळू चालतं. दुसरं, अंडी आणि नारळाचं दूध घातलेलं पीठ आठ तास बाहेर ठेवू नये. नारळाचं दूध लवकर उतरतं.

यावर उपाय असा. रात्री सगळं कालवूच नका. एक किलो मैद्याचे करणार असाल तर त्यातला अर्धा किलो घ्या, साडेचारशे मिली कोमट पाणी आणि अर्धा छोटा चमचा इन्स्टंट यीस्ट. चमच्याने ढवळायचं, मळायचं नाही. मिस्सेला निघण्यापूर्वी दहाच्या सुमारास हे करून मोठ्या पातेल्यात झाकून ठेवा. दिवा बंद असलेल्या ओव्हनमध्ये किंवा मायक्रोवेव्हमध्ये ठेवलंत तर वारा लागत नाही. सकाळी सहाला त्यावर बुडबुडे दिसतील आणि आंबूस वास येईल. ताडीचा जो हलका आंबटपणा तुमच्या आईंना ओळखीचा असेल, त्याच्या जवळ जाणारी चवही यामुळेच येते, नुसत्या भरपूर यीस्टने येत नाही.

मग त्यात उरलेला अर्धा किलो मैदा, चार अंडी, अर्धा छोटा चमचा यीस्ट, दोन छोटे चमचे मीठ, तीन-चार मोठे चमचे साखर. अंडी रात्री झोपताना बाहेर काढून ठेवा. नारळाचं घट्ट दूध अंगाला लागेल इतपत कोमट करून थोडं थोडं घाला, साधारण एक वाटी, लागलं तर आणखी थोडं. गरम घालू नका, यीस्ट मरेल. पंधरा मिनिटं हाताने फेटा. फेटणं म्हणजे पीठ खालून उचलून आपटणं. सुरुवातीला फाटतं, मग लांब ताणलं जायला लागतं. तुमच्या आई म्हणतात तो "चिकटतं आणि सुटतं" क्षण तोच. तिथे थांबा.

यानंतर कोमट पाण्याच्या परातीत पातेलं ठेवून दीड तास. साडेसात-पावणेआठला दुप्पट झालेलं असेल.

लेक_पार्ल्याची

वरचं सगळं बरोबर, आता तळण्याचं माझ्याकडून. आमच्या माहेरी हाच नाश्ता असतो.

पीठ पुन्हा ढवळायचं नाही, आलेली हवा निघून जाते. बाजूला पाण्याची वाटी ठेवायची. डावा हात ओला करून मूठभर पीठ उचलायचं आणि मूठ खालून दाबत आणायची. अंगठा आणि तर्जनीच्या मधून गोळा वर येतो. लहान लिंबाएवढा झाला की उजव्या हाताच्या ओल्या बोटांनी तोडून तेलात अलगद सोडायचा. चमच्याने टाकले तर शेपट्या येतात. चवीत फरक नाही, पण घरातल्या मोठ्या बायका लगेच ओळखतात.

तेल खोल हवं आणि आच मध्यम. पिठाचा थेंब टाकल्यावर तो दोन-तीन सेकंदांत वर आला पाहिजे. लगेच उसळून तांबूस झाला तर तेल फार तापलंय, तुमचे फुगे आत गच्च राहण्याचं तेही कारण असू शकतं. आच जमली की फुगा एका बाजूने भाजून झाल्यावर बहुतेक वेळा आपला आपणच उलटतो. मुलांना हे बघायला फार आवडतं, पण त्यांना लांबूनच बघू द्या.

एक किलोत पन्नास-साठ होतील, बारा जणांना पुरून संध्याकाळच्या चहालाही उरतील.

आणि तुमच्या आईंबद्दल. आमच्या घरीही अनेक वर्षं आई कढईपाशीच असायची. मग माझ्या धाकट्या भावाचं लग्न झालं त्या नाताळात त्याने झारा हातात घेतला आणि सांगितलं, यापुढे नाताळच्या सकाळी तळणार मी आणि भावोजी. पहिल्या वर्षी आई दर दोन मिनिटांनी उठत होती. शेवटी बाबांनी तिच्यासमोर लसणीची वाटी आणि ओल्या मिरच्या ठेवल्या, सोलत बस म्हणाले. तुमच्या आईंना हात चालवता येत नसेल तर पीठ तपासायचं काम द्या. डावा हात मोकळा आहे ना? फेटताना पातेलं त्यांच्यापुढे धरा, त्यांना दोन बोटं लावू द्या. त्यांनी "झालं" म्हटलं की झालं. नुसतं "तू बस" म्हणालात तर त्या बसणार नाहीत.

आगाशीकर

सोरपोतेलबाबत मधला मार्ग सांगतो. २२ला करा. बाबांचे चार नाहीत आणि आईंचे दोन नाहीत, पण तीन दिवसांत व्हिनेगर मुरतं आणि तिखटाचा कच्चेपणा जातो. पूर्वी मातीच्या भांड्यात बाहेर राहायचं आणि रोज उकळी द्यायचे. तुम्ही फ्रीजमध्ये ठेवा, रोज लागेल तेवढंच बाहेर काढून उकळा. उकळताना पाणी घालायचा मोह होतो, तो टाळा. चरबी सुटली की ते आपोआप सैल होतं.

काळीज मटणाबरोबर सुरुवातीपासून शिजवू नका, रवाळ होतं. मटण आणि चरबी आधी उकडून घ्या, गार झाल्यावर बारीक चिरा. गरम चिरलं तर तुकडे चुरतात. काळीज वेगळं, जेमतेम घट्ट होईपर्यंत उकडा. मग चिरलेलं सगळं त्याच्याच चरबीवर परता आणि मसाला घाला. आईंकडे उन्हाळ्यात कुटलेल्या बाटली मसाल्याची (बाटल्यांत भरून ठेवतात तो मिश्र मसाला) बाटली उरली असेल तर प्रश्नच नाही. उकडलेलं पाणी टाकू नका, त्यातच रस्सा करा.

सासू-सासऱ्यांसाठी त्याच मसाल्यात कोंबडी करा, बटाट्याचे मोठे तुकडे घालून, शेवटी जरा व्हिनेगर. फुग्यांबरोबर छान लागते. पण पळी-पातेलं वेगळं ठेवा आणि त्यांना तसं आधीच सांगा, म्हणजे ते मोकळेपणाने जेवतील.

मनीषा_डोंबिवली

मी ख्रिस्ती नाही, पण वसईला शेजारी राहायचो तेव्हा दर नाताळला आमच्या घरी फुग्यांचं ताट यायचं, आणि दिवाळीला आमचं फराळाचं त्यांच्याकडे जायचं. एक शंका: तळून ठेवले तर चालत नाहीत का? आमच्याकडे यायचे ते गारच असायचे आणि आम्हाला फार आवडायचे.

लेक_पार्ल्याची

@मनीषा, चालतात. दोन दिवस मऊ राहतात, डब्याला आतून सुती कापड लावायचं. बरीच घरं २४च्या दुपारीच तळून मोकळी होतात. दुसऱ्या दिवशी मोदकपात्रात दोन मिनिटं वाफ दिली की पुन्हा लुसलुशीत. पण यांना आईला कढईतला गरम द्यायचाय, त्याची सर वाफवलेल्याला नाही. माझं मत: अर्धे आदल्या दिवशी तळा म्हणजे बारा माणसं खोळंबणार नाहीत, आणि अर्धे सकाळी.

बाटली_मसाला

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं नेमकं उत्तर मिळेल असं वाटलं नव्हतं.

पावमास्तर, थिजलेल्या तेलाचं लक्षातच आलं नव्हतं. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, गावी आजी पिठाचं पातेलं रात्री चुलीशेजारी गोधडीत गुंडाळून ठेवायची आणि सकाळी नारळ खवून ताजं, हाताला कोमट लागणारं दूध काढायची. म्हणजे दूध सकाळीच पडायचं! हे तिने आत्ता सांगितलं, कारण मी कधी विचारलंच नव्हतं की दूध केव्हा घालायचं.

अर्धे-अर्धे करण्याची सूचना बायकोला पटलीय, मला मात्र सगळे सकाळीच करावेसे वाटतात. बाबा झारा धरायला तयार आहेत. दोन बर्नरवर दोन कढया लावल्या तर बारा जणांचे पाऊण तासात निघावेत, असा माझा अंदाज आहे. कोणी दोन कढयांवर केलेत का?

लेक_पार्ल्याची

केलेत. मुठीने गोळे सोडणारा एक, झारा धरणारा दुसरा, आणि दोन कढयांना मिळून एवढीच माणसं. मुठीवाल्याने झाऱ्याला हात लावायचा नाही, नाहीतर एक घाणा करपतोच. पहिले सात-आठ निघाले की बाबांना थांबवून ताट बाहेर पाठवा, बाकीचे नंतर. आईंच्या ताटातले फुगे कोणीतरी त्यांना फोडून द्या, एका हाताने गरम फुगा फुटत नाही.

बाटली_मसाला

हे चांगलं सांगितलंत, ते काम माझ्या मुलीला देतो. उद्या रात्री अर्ध्या मापाने पीठ भिजवतो, परवा सकाळी तळतो आणि कसे झाले ते इथेच लिहितो. आगाशीकर, काळीज किती घ्यायचं? दोन किलो मटण धरलंय.

आगाशीकर

दोन किलोला पाव किलो बास. जास्त घातलंत तर कडवट होईल.