‘फनी गर्ल’ : मनात राहिलेला एखादा प्रसंग

विल्यम वायलर यांनी दिग्दर्शित केलेला ‘फनी गर्ल’ १९६८ साली प्रदर्शित झाला. न्यूयॉर्कच्या रंगभूमीवरील विनोदी अभिनेत्री फॅनी ब्राइस यांचा उत्कर्ष आणि निक आर्नस्टीन या जुगाऱ्यावरचे त्यांचे प्रेम हा या संगीतपटाचा विषय आहे. कथानक सांगण्यापेक्षा मनात घर करून राहिलेल्या प्रसंगाविषयी लिहावे, ही विनंती.

ठाण्याहून :
हौशी नाटकांत मी पंधरा वर्षे विनोदी भूमिका केल्या आणि नायिकेच्या भूमिकेसाठी मला एकदाही कोणी विचारले नाही, म्हणूनही असेल, पण मला नववधूचे गाणे विसरता येत नाही. नाट्यनिर्माते झिगफेल्ड यांच्या भव्य कार्यक्रमात स्वतःच्या सौंदर्याचे गाणे गंभीरपणे गाण्याची पाळी आल्यावर फॅनी पोटाशी उशी बांधून, गरोदर वधू होऊन रंगमंचावर येते. लोक आपल्या रूपाला हसणारच असतील, तर ते आपण हसवले म्हणून हसोत, हा तिचा हिशेब मी स्वतः अनेकदा केला आहे. पहिल्यांदा पाहताना मी पोटभर हसले होते. दुसऱ्यांदा मात्र फॅनी साकारणाऱ्या बार्ब्रा स्ट्रायसँड यांच्या डोळ्यांतली धास्ती दिसली.

न्यू जर्सीहून :
स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याकडे जाणाऱ्या बोटीत बसलो की टगबोटीच्या टोकावर उभी राहून गाणारी फॅनीच आठवते. आमच्या बोटीत वारा एवढा असतो की बोलणेही ऐकू येत नाही, ही गोष्ट वेगळी.

नागपूरहून :
माझी तक्रार निकविषयी आहे. खरे आर्नस्टीन लग्नापूर्वीच सिंग सिंग तुरुंगात जाऊन आले होते. ओमर शरीफ यांचा निक मात्र परिस्थितीने फसलेला सभ्य गृहस्थ वाटतो. निर्माते रे स्टार्क हे याच दांपत्याचे जावई होते, हे कळल्यावर मला नवल वाटले नाही. सासऱ्याविषयी याहून अधिक कोण दाखवणार!

साताऱ्याहून :
शेवटचे ‘माय मॅन’ हे गाणे मी आजीसोबत पाहिले. तिला इंग्रजी येत नव्हते. काळ्या वेषातली फॅनी गाऊ लागताच तिने विचारले, “नवरा तुरुंगातून सुटून आला ना? मग रडते कशाला?” दोघांनी वेगळे व्हायचे ठरवले आहे, असे मी सांगितले. गाणे संपेपर्यंत आजी गप्प होती, आणि नंतर म्हणाली, “मग तिने हे गाणे त्याच्यासमोर म्हणायला हवे होते.”