11 नोव्हेंबर आणि आपले फौजी

दादा, तुम्ही विचारलंत की 11 नोव्हेंबरला अमेरिकेत बॉन्ड मार्केट (कर्जरोख्यांचा बाजार) बंद आणि शेअर बाजार मात्र चालू, असं का. तिकडे त्या दिवशी व्हेटरन्स डे, म्हणजे माजी सैनिकांचा दिवस, बँकांना सरकारी सुट्टी, त्यामुळे बॉन्डचे व्यवहार थांबतात, शेअर्स चालतात पण उलाढाल बऱ्याचदा कमी असते. तारीख पहिल्या महायुद्धातली, 1918 ला त्याच दिवशी सकाळी अकराला तोफा थांबल्या.

आता त्यात आपल्याकडची भर घालतो. आपलं बेळगाव म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर, खानापूर निपाणीकडे गावागावात फौजी. यशवंत घाडगे 1944 ला इटलीत लढता लढता गेले, नामदेव जाधवांनी 1945 ला तिथंच जखमी साथीदारांना गोळीबारातनं बाहेर काढलं, दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, आणि आपल्या पोरांना ही नावं माहीत नाहीत याचं मला खरंच वाईट वाटतं.

नोव्हेंबरात बँकेत हयातीच्या दाखल्याची गर्दी असते बघा, तिथं एक म्हातारे सुभेदार बसलेले, ताठ, शर्टाची वरची गुंडीपण लावलेली, अंगठा मशीनवर उमटेना, ठसे झिजलेत, तरी तक्रार नाही, परत परत पुसून लावत होते. अशा माणसाला आधी पुढं घ्यायला काय जातंय आपलं?

आपला माजी सैनिक दिन 14 जानेवारीला, आपले पहिले भारतीय लष्करप्रमुख जनरल करिअप्पा 1953 ला त्याच दिवशी निवृत्त झाले म्हणून. संक्रांतीच्या गडबडीत तो राहूनच जातो, यंदा तिळगूळ द्यायला गल्लीतल्या फौजींच्या घरी आधी जाऊया.