मदत हवी आहे: सलाईन सोनोग्राफीत पाणी टिकत नाही, बुडबुड्यांनी चित्र बिघडतं

सोनो_पलासिया (इंदूर)
नमस्कार मंडळी. पाळी जाऊन ३ वर्षं झालेली बाई, अधूनमधून डाग, हार्मोनच्या गोळ्या नाहीत. योनीमार्गातून सोनोग्राफीत गर्भाशयाचं अस्तर ९ मिमी, मधोमध पांढुरका भाग. पॉलिप (अस्तरावरची गाठीसारखी वाढ) आहे की सगळं अस्तरच जाड, हे कळावं म्हणून गर्भाशयात सलाईन सोडलं. कॅथेटर (बारीक नळी) ५ फ्रेंच जाडीचं, बिनफुग्याचं. १० मिली जाईपर्यंत निम्मं पाणी बाहेर, आत नुसते चमकणारे ठिपके. देवास-धारहून आलेल्या बायकांना पुन्हा बोलावणं जिवावर येतं. काय बदलू?

राजवाडा_स्त्रीरोग
ठिपके म्हणजे हवा. सिरिंज उभी धरून टिचकी मारा, हवा काढा, मग कॅथेटरच्या टोकातून सलाईनचे थेंब पडेपर्यंत दट्ट्या दाबा. त्यानंतरच आत घाला. बहुतेकांची चूक इथेच होते: सिरिंज भरलेली, कॅथेटर मात्र कोरडं.

पाणी गळतंय ते गर्भाशयमुख सैल असल्यामुळे, बाळंतपणं जास्त झालेल्यांत हे नेहमीचं. फुग्याचं कॅथेटर घ्या. फुगा सलाईनने भरा, हवेने भरलात तर त्याची सावली पडते. १ मिलीच्या आसपास पुरतं, जास्त फुगवलं की कळ येते, कधी चक्करही. स्पेक्युलम (योनीमार्ग उघडा धरणारं उपकरण) काढताना कॅथेटर हाताने धरून ठेवा, नाहीतर त्याच्याबरोबर तेही बाहेर. सलाईन अंगाइतकं कोमट हवं. पौष-माघात कपाटातली बाटली तशीच वापरली तर पोटात मुरडा आलाच म्हणून समजा.

पोकळी उघडली की थांबा, ५ ते १० मिली बहुधा पुरे. उभ्या छेदात एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत, मग आडव्या छेदात वरून खाली. शेवटी फुगा रिकामा करून, कॅथेटर ओढता ओढता उरलेलं सलाईन सोडा. फुग्याखाली दडलेला पॉलिप तेव्हाच दिसतो.

डॉप्लर_ताई
सलाईनच्या आधी रंगीत डॉप्लर (रक्तप्रवाह रंगात दाखवणारी सोनोग्राफी) लावलं होतंत का? पीआरएफ (ध्वनीचे ठोके सोडण्याचा वेग) ०.३ ते ०.९ किलोहर्ट्झवर आणा, वरच्या सेटिंगवर बारीक रक्तवाहिनी दिसतच नाही. एकच वाहिनी अस्तरात शिरताना दिसली तर पॉलिपकडे झुकतं माप. रक्ताची गुठळी असेल तर तिच्यात प्रवाह नसतो आणि सलाईनच्या धारेने ती हलते.

मापही तपासा. उभ्या छेदात, सर्वात जाड जागी, दोन्ही थर मिळून. भोवतीचा काळसर पट्टा मापात घेऊ नका. पोकळीत द्रव असेल तर दोन्ही थर वेगवेगळे मोजून बेरीज करा.

सोनो_पलासिया
डॉप्लर लावलं होतं, पण पीआरएफ वरच राहिला होता. पॉलिप स्पष्ट दिसला तर बायोप्सी टाळता येईल का?

राजवाडा_स्त्रीरोग
नाही. पाळी गेल्यावरचं रक्त आणि अस्तर ४ मिमीच्या वर, म्हणजे तुकडा तपासायलाच हवा. सलाईनमुळे एवढंच ठरतं की तो कसा घ्यायचा. विकृती एकाच जागी असेल तर आंधळ्या पाइपेलला (न बघता तुकडा ओढणारी बारीक नळी) ती हुकू शकते, तिथे हिस्टरोस्कोपीने (गर्भाशयात दुर्बीण घालून) बघून काढा. अस्तर सगळीकडे जाड असेल तर पाइपेल चालतं. आणि ४ मिमीच्या आत असूनही रक्त पुन्हा पुन्हा जात असेल तर तेव्हाही तुकडा घ्या.

डॉप्लर_ताई
पाळी चालू असलेल्यांत सलाईन ५व्या ते १०व्या दिवसात, रक्त थांबल्यावर, गर्भ नाही याची खात्री करून. ओटीपोटात संसर्ग असेल तर अजिबात नको. पाळीच्या उत्तरार्धात अस्तर एरवीही १६ मिमीपर्यंत जाड असतं, त्याला सुरकुत्या पडतात आणि त्या पॉलिपसारख्या भासतात.