बारावी इथली, डोमिसाइल इथलं, तरी दहावी बाहेरची म्हणून वैद्यकीयच्या राज्याच्या ८५ टक्क्यांत जागा नाही. ही अट बरोबर आहे का?

गोदाकाठ

मुलीचा जन्म नाशिकचा. ती तिसरीत असताना यजमानांच्या कंपनीने त्यांची वडोदऱ्याला बदली केली, त्यामुळे दहावी तिकडे झाली. अकरावीला आम्ही परत आलो. बारावी नाशिकची, डोमिसाइल इथलं, रेशनकार्ड पंचवटीतलं. नीटचे, म्हणजे वैद्यकीय प्रवेश परीक्षेचे, गुण चांगले आहेत, सरकारी कॉलेज मिळण्याजोगे.

कागदपत्रांच्या तपासणीला गेलो. समोरच्या माणसाने दहावीच्या मार्कशीटवर शाळेच्या नावाखाली पट्टी धरली, ‘वडोदरा’ वाचलं आणि फाइल मिटून आमच्याकडे सरकवली. मुलीने रात्री बसून एकेक कागद प्लास्टिकच्या पाकिटात क्रमाने लावला होता. पुढची पाकिटं कुणी उघडलीच नाहीत.

नियम असा आहे की एमबीबीएसच्या राज्य कोट्यासाठी, म्हणजे सरकारी कॉलेजांतल्या राज्यासाठी राखलेल्या ८५ टक्के जागांसाठी, डोमिसाइल हवंच, शिवाय दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातल्या शाळा-कॉलेजातून हव्यात. एक जरी बाहेरची असली तरी राज्याच्या ८५ टक्क्यांतून नाव गेलं. गुजरातचा कोटा मागावा तर बारावी तिकडची नाही. म्हणजे दोन्ही राज्यांना ती परकी. उरतात देशभराच्या १५ टक्क्यांतल्या जागा, नाहीतर अभिमत विद्यापीठं, जिथली वर्षाची फी आमच्या दोघांच्या वर्षाच्या कमाईपेक्षा जास्त आहे.

याच मुलीने इंजिनीअरिंगला अर्ज केला असता तर ती महाराष्ट्राची ठरली असती. तिथे दहावी-बारावी दोन्ही इथून असेल तर ‘टाइप ए’, आणि तसं नसेल पण मुलाचं किंवा आईवडिलांपैकी एकाचं डोमिसाइल असेल तर ‘टाइप बी’. सरकार तेच, डोमिसाइलचा कागदही तोच. मग डॉक्टर व्हायचं म्हटल्यावर ती बाहेरची कशी होते? मला या प्रश्नाचं उत्तर हवं आहे, सहानुभूती नको.

बालाघाट

ताई, तुमच्या मुलीचं वाईट वाटतं. तरी अट राहिली पाहिजे या मताचा मी आहे, आणि का ते सांगतो.

आमच्या तालुक्यातली निम्मी गावं दिवाळीनंतर ओस पडतात. आईबाप ऊसतोडीला जातात, पोरं कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, नाहीतर आजीकडे. सहा महिने शाळा बुडते. त्यातून एखादं पोरगं दहावी-बारावी काढून नीटपर्यंत पोचतं. त्याच्याकडे दुसरं राज्य नसतं, दुसरा कोटा नसतो, अभिमतची तर गोष्टच सोडा. त्याची सगळी भिस्त या ८५ टक्क्यांवर.

नुसत्या डोमिसाइलवर प्रवेश ठेवला तर काय होतं? देशभर एकच नीट आहे. ज्यांची दोन राज्यांत घरं आहेत ते दोन्हीकडचे दाखले काढतात आणि जिथला कटऑफ खाली तिथे अर्ज टाकतात. दाखला काढता येतो, दहावीची शाळा मागे जाऊन बदलता येत नाही. म्हणून ती अट आहे. इंजिनीअरिंगला दर वर्षी जागा रिकाम्या राहतात, तिथे सरकारला सैल राहणं परवडतं. सरकारी मेडिकलची एक जागा रिकामी राहिलेली तुम्ही कधी पाहिली का?

गोदाकाठ

दादा, उत्तर दिलंत, आभार. पण मग हे सांगा. आमच्या शेजारचे गृहस्थ केंद्र सरकारच्या नोकरीत. बदली होऊन महाराष्ट्रात आले. त्यांच्या मुलाची दहावीही बाहेरची, बारावीही बाहेरची, तरी तो ८५ टक्क्यांत बसला, कारण केंद्र सरकारच्या बदलीवर आलेल्या कर्मचाऱ्यांच्या मुलांना सवलत आहे. त्या मुलाबद्दल माझी काहीच तक्रार नाही. बदली ही बापाच्या हातात नसते, एवढाच त्या सवलतीचा अर्थ आहे ना? मग कंपनीतली बदली तरी कुठे आमच्या हातात होती? नाही म्हटलं असतं तर नोकरी गेली असती.

वर्गशिक्षक

लातूरला शिकवतो. निकाल लागला की दोन-तीन आठवडे या एकाच नियमासाठी पालकांचे फोन येतात, म्हणून आधी दोन गैरसमज काढून टाकतो.

एक, बोर्ड कोणतं याला महत्त्व नाही. सीबीएसई, आयसीएसई, राज्य मंडळ, काहीही चालतं. शाळा कुठे आहे ते बघतात. दोन, घरी राहून अभ्यास केला की क्लासला, हेही कुणी विचारत नाही. बारावीला नाव ज्या कॉलेजात, ते कॉलेज ज्या राज्यात, तिथली बारावी.

या दुसऱ्या गोष्टीत किती घरं फसली आहेत! मुलाला क्लाससाठी राजस्थानातल्या कोटा शहरात पाठवतात. क्लासवाले म्हणतात, कॉलेजची काळजी सोडा, आम्ही बघतो. ते तिकडच्याच एखाद्या शाळेत नाव घालतात. दोन वर्षांनी मुलाच्या हातात राजस्थानची बारावी येते. जन्म इथला, दहावी इथली, आणि राज्याची जागा गेलेली. माझ्याकडे दहावीला असलेला असाच एक मुलगा वडिलांना घेऊन आला होता. वडील मला विचारत होते, अकरावी परत इथून केली तर चालेल का. मुलगा मान खाली घालून टेबलाची कड नखाने खरवडत बसला होता.

माझं मत विचाराल तर अट हवी, पण ती दोन निकालपत्रांवर टांगलेली नको. मूल किती वर्षं इथे शिकलं ते मोजा.

राजवाड्याजवळ

इंदूरहून लिहितोय. आमचं घराणं होळकरांच्या काळापासून इथे आहे, घरात आजही मराठीच बोलतो. तरी मी ताईंच्या विरुद्ध बाजूने बोलणार.

मूळ मजकुरात नाही, पण अशा चर्चेत हटकून येणारा ‘मराठी मुलांवर अन्याय’ हा सूर मला पटत नाही. आमच्या मुलांना मध्य प्रदेशचा कोटा मिळतो, कारण ती इथे राहतात, इथे शिकतात. आम्ही मराठी आहोत म्हणून महाराष्ट्राने जागा द्यावी असं आम्ही कधी म्हटलं नाही. भाषेवर जागा वाटायला लागलात तर इथे पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या आमच्याकडे लोक ‘तुम्ही मागा ना तिकडे’ म्हणून बोट दाखवतील.

हा वाद नवाही नाही. राज्याबाहेरच्या विद्यार्थ्याकडून जादा फी घेण्यावरून आमच्याच इंदूरच्या मेडिकल कॉलेजचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. १९५५ मध्ये न्यायालयाने बहुमताने सांगितलं की जन्मस्थान वेगळं आणि रहिवास वेगळा, राज्याने आपल्या रहिवाशांना झुकतं माप दिलं तर ते घटनाबाह्य नाही.

गोदाकाठ

मी भाषेवर जागा मागितलेली नाही. घरात कोणती भाषा आहे हे मी वर लिहिलंसुद्धा नाही. मी रहिवासावरच बोलतेय. आठ वर्षं बाहेर होतो, बाकीची दहा इथेच.

मलप्रभा

भाषेचा विषय निघालाच आहे तर खानापूरहून माझंही ऐका. सीमाभागातली ८६५ गावं महाराष्ट्र आपली म्हणतो. आमच्या मुलांची दहावी-बारावी कर्नाटकातली, पत्ता कर्नाटकातला, तरी इंजिनीअरिंगला ‘टाइप ई’मध्ये मातृभाषा मराठी असल्याच्या दाखल्यावर अर्ज करता येतो. वैद्यकीयलाही सीमाभागासाठी मोजक्या जागा ठेवलेल्या आहेत. हे उपकार म्हणून नाही, महाराष्ट्राने दिलेला शब्द म्हणून आहे. मुद्दा एवढाच की दोन मार्कशीटपलीकडे बघायचं ठरवलं तर राज्याला बघता येतं. आमच्यासाठी बघितलंच आहे.

बालाघाट

सीमाभागाची गोष्ट वेगळी. तिथे माणसं हलली नाहीत, रेघ हलली.

वकील_पुणे

थोडं कायद्याचं. ८५-१५ ची मुळं १९८४ च्या प्रदीप जैन निकालात आहेत. न्यायालयाने तेव्हा सांगितलं की एमबीबीएसच्या सगळ्याच जागा राज्याच्या रहिवाशांना देता येणार नाहीत, काही भाग देशभराच्या गुणवत्तेसाठी खुला हवा. पुढे तो १५ टक्क्यांवर स्थिरावला. २९ जानेवारी २०२५ ला तन्वी बहल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पदव्युत्तर वैद्यकीयसाठी रहिवासाचं आरक्षण घटनाबाह्य ठरवलं. त्या बातमीनंतर ‘आता डोमिसाइल गेलं’ असे मेसेज फिरले, ते चुकीचे होते. एमबीबीएसच्या पातळीवर मर्यादित रहिवास-आरक्षण चालतं, हे तत्त्व शाबूत आहे.

शिक्षणाच्या वर्षांची अटही टिकलेली आहे. आसामची सातवी ते बारावीची अट २०१८ मध्ये टिकली. तेलंगणाची बारावीपर्यंतची सलग चार वर्षं २०२५ मध्ये टिकली. दिल्लीत तर फक्त अकरावी-बारावी दिल्लीत झालेली लागते. म्हणजे गोदाकाठताई, न्यायालयात अट मोडायला गेलात तर बहुधा हराल.

पण त्यांचा दुसरा मुद्दा, बदलीचा, मला बिनतोड वाटतो. १९८९ चा मीनाक्षी मलिक विरुद्ध दिल्ली विद्यापीठ हा निकाल वाचा. वडिलांची सरकारने परदेशी नेमणूक केली म्हणून मुलीची शाळेची शेवटची दोन वर्षं तिकडे झाली. न्यायालयाने म्हटलं, जिला आईवडिलांबरोबर जाण्यावाचून पर्याय नव्हता तिच्यावर ही अट लादणं अन्यायाचं आहे. तिथे नोकरी सरकारी होती, हे खरं. पण मूल सरकारी किंवा खासगी नसतं. ताईंच्या मुलीने नववीत काय करायला हवं होतं, दहावीसाठी एकटीने नाशिकला येऊन राहायला हवं होतं का?

चांदवडकर

बाहेरच्या राज्यात १५ टक्क्यांतून प्रवेश घेऊन एक वर्षाने इकडे ट्रान्सफर नाही का करता येत? आमच्या ओळखीत पूर्वी एकाने केली होती.

वकील_पुणे

पूर्वी पहिलं वर्ष पास झाल्यावर ठरावीक टक्क्यांपर्यंत मायग्रेशन होत असे. २०२३ च्या नियमावलीने ते बंद केलं. तो नियम पुढे न्यायालयातही गेला, पण त्या आशेवर प्रवेश घेऊ नका. बीए-बीएस्सीला क्रेडिट बँकेमुळे, म्हणजे मिळवलेली क्रेडिट्स साठवून दुसरीकडे नेता येत असल्यामुळे, विद्यापीठ बदलणं सोपं होतंय, तिथे मायग्रेशन आणि पात्रता प्रमाणपत्र दिलं की काम होतं. एमबीबीएसला तसं नाही.

सातपुडा

नंदुरबार जिल्ह्यात ग्रामीण रुग्णालयात काम करतो. स्वतः राज्य कोट्यातून शिकलो. मला वाटतं, इथे सगळेजण जागा कुणाला मिळावी यावर बोलताय, ती कशासाठी आहे यावर नाही.

पावसाळ्यात बाळंतीण बांबूलन्सने, म्हणजे बांबूच्या झोळीतून, आणतात. खांद्यावरून उतरवताना नातेवाईक पावरी नाहीतर भिली बोलीत बोलत असतात. ते मला कळतं कारण मी इथला आहे. सरकार एका एमबीबीएसच्या विद्यार्थ्यावर फीच्या कितीतरी पट खर्च करतं, तो अशा ठिकाणी कुणीतरी थांबावं म्हणून. बंधपत्राप्रमाणे एक वर्ष सरकारी सेवा करावी लागते. एक वर्ष संपल्यावर कोण थांबतं ते मी बघतोय. ज्यांची शाळा इथे झाली ते. अट आणखी कडक करा, पाचवीपासूनची शाळा बघा असं मी म्हणेन.

गोदाकाठ

डॉक्टर, तुमच्या कामाबद्दल मनापासून आदर आहे. पण मुंबईत दहावी-बारावी केलेला मुलगा या अटीत अगदी नीट बसतो, आणि तोही तुमच्याकडे थांबत नाही. तुम्ही सांगताय ती गरज दहावीच्या मार्कशीटने भागत नाही.

आणखी एक. २०२० पर्यंत राज्याच्या आतही ७०-३० होतं. सत्तर टक्के जागा आपापल्या विभागातल्या मुलांना. मराठवाड्यात कॉलेजं कमी, म्हणून तिथल्या मुलांना जास्त गुण असूनही जागा मिळत नव्हत्या. बालाघाटदादा, तेव्हा तुमच्याकडच्या पालकांनी काय मागणी केली होती? विभागाची रेघ पुसा, गुणवत्ता बघा. ती रास्त होती आणि मान्यही झाली.

बालाघाट

बरोबर, मीही तेव्हा सही केली होती. पण ती रेघ एकाच राज्याच्या आतली होती. कर सगळ्यांचा एकाच तिजोरीत जातो आणि कॉलेजं त्याच तिजोरीतून होतात. तुम्ही आठ वर्षं गुजरातेत होता तेव्हा तिथली शाळा, तिथलं सगळं तुम्ही वापरलंत. त्यात चूक काही नाही, पण दोन्ही हिशेब एक नाहीत.

तरी शिक्षकांनी वर मांडलं त्यावर दोन दिवस विचार केला. वर्षं मोजायला माझी ना नाही. मात्र दाखल्यावरून नको, शाळेच्या जनरल रजिस्टरवरून मोजा.

वर्गशिक्षक

ते जमतं. जनरल रजिस्टरला दाखल आणि सोडल्याची तारीख असते, आणि आता सरकारच्या ‘सरल’ या विद्यार्थी-नोंदणीतला क्रमांकही प्रत्येक मुलाला आहे. पहिली ते बारावीतली किमान सहा वर्षं महाराष्ट्रात, त्यात अकरावी-बारावी धरून, असं म्हटलं तर दुहेरी डोमिसाइलवाले गळतात.

गोदाकाठ

मुलीची पहिली, दुसरी, अकरावी, बारावी. तिसरीचा जूनही इथेच काढला होता. चार वर्षंच भरतात. सहाचा नियम झाला तरी ती बसत नाही.

तरीही मी निवेदनात सहाच लिहिते. सोबत एवढंच जोडते की खासगी नोकरीतली बदली नेमणूकपत्र आणि भविष्य निर्वाह निधीच्या नोंदीवरून सिद्ध होत असेल तर सरकारी बदलीसारखीच धरावी. आमदारांच्या कार्यालयात सोमवारी देणार आहे. ज्यांना सही द्यायची त्यांनी कळवा.

मलप्रभा

माझी घ्या.

बालाघाट

सहा वर्षांच्या मुद्द्यापुरती माझी घ्या. बदलीच्या कलमाला नाही. कंपनीचं पत्र कुणीही आणतो.

सातपुडा

माझी नको. पण ताई, देशभराच्या कोट्याचे पुढचे राउंड अजून व्हायचे आहेत. तिला पसंतीक्रम भरताना फक्त मोठ्या शहरांतली कॉलेजं भरू देऊ नका. नंदुरबार, गोंदिया, चंद्रपूर, सगळी भरा. इथल्या १५ टक्क्यांतल्या जागा बाहेरची मुलं शेवटी घेतात. काही अडलं तर मला विचारा, मी रात्री आठनंतर मोकळा असतो.