रेम्ब्रांटचे भिकारी: कणव की विक्रीचा माल?

मूळ लेख
बरोक काळातल्या, म्हणजे ढोबळमानानं सतराव्या शतकातल्या युरोपच्या, एचिंगमध्ये (तांब्याच्या पत्र्यावरच्या मेणाच्या थरात सुईनं रेखाटून, आम्लानं रेघा कोरून कागदावर छापलेलं चित्र) संत आणि राजे भरपूर सापडतात. मला मात्र डच चित्रकार रेम्ब्रांटचे भिकारी त्या सगळ्यांहून मोठे वाटतात. त्याचं १६४८चं मुद्राचित्र पाहा. दारात म्हातारा, समोर पाठीवर तान्हं घेतलेली बाई आणि तिच्या हातात पडणारं नाणं. देणाऱ्याला तोरा नाही, घेणारी लाचार नाही. गरिबाकडे इतक्या बरोबरीनं त्या शतकात दुसऱ्या कुणी पाहिलं असं मला वाटत नाही.

प्रतिसाद
अजिबात पटत नाही. नान्सीच्या (आजच्या फ्रान्समधलं शहर) एचिंगकार झाक कालोनं १६२२-२३च्या सुमाराला भिकाऱ्यांची २५ चित्रांची मालिका केली. तरुण रेम्ब्रांटच्या भिकाऱ्यांची ठेवण, चिंध्या, काठ्या यांवर तिचा ठसा स्पष्ट दिसतो. शिवाय हे विकायचं काम होतं, घेणारे पोटभर जेवणारे संग्राहक. ज्या अॅमस्टरडॅममध्ये रेम्ब्रांट पुढे नावारूपाला आला, तिथे धडधाकट भिकाऱ्यांना १५९६पासून रास्पहाउस या तुरुंगात डांबून ब्राझीलचं लाकूड किसायला लावत. भिकारी संग्रहात हवा, दारात नको. याला कणव म्हणायचं?

धागाकर्ता
कालोचं ऋण कोण नाकारतंय? पण दोघांच्या रेघा शेजारी ठेवा. कालोनं तांब्याच्या पत्र्यावर मेणाऐवजी वाद्य बनवणाऱ्यांचं कडक व्हार्निश चढवलं. त्यामुळे त्याला छिन्नीनं कोरल्यासारखी, मध्ये फुगून टोकाला निमुळती होणारी रेघ मिळाली. त्या रेघेत भिकारी नमुना होऊन उभा राहतो. रेम्ब्रांट मऊ थरावर सुई लेखणीसारखी चालवतो. रेघ अडखळते, तुटते, परत फिरते आणि थकलेलं अंग दिसायला लागतं. आणि १६३०मधला तो बसलेला, हात पसरलेला, ओरडणारा भिकारी? त्याचा चेहरा खुद्द रेम्ब्रांटचा आहे! विक्रीसाठी एवढं कोण करतं?

प्रतिसाद
त्याच वर्षी त्यानं आपले चित्रविचित्र चेहरे एचिंगमध्ये उतरवले: डोळे विस्फारलेला, हसणारा, तोंड वासलेला. त्यातला एक भिकाऱ्याला चिकटला. गिरणीमालकाच्या मुलाचा, म्हणजे रेम्ब्रांटचा, तो चेहऱ्यावरचे भाव टिपण्याचा सराव होता. त्याला सहवेदना म्हणणं मला घाईचं वाटतं.
१६४८चं चित्र मात्र वेगळं आहे, हे मानतो. कालोचे भिकारी बहुतेक कोऱ्या कागदावर एकटे, इथे देणारा आहे, उंबरा आहे, व्यवहार आहे. तरी बरोबरी म्हणवत नाही. आदल्याच वर्षी, १६४७मध्ये, रेम्ब्रांटनं यान सिक्सचं एचिंग केलं. खिडकीशी वाचत उभा असलेला तो श्रीमंत माणूस आपल्याला नावानिशी ठाऊक आहे. या बाईचं नाव कुठेच नाही.