चिपळूण, भाड्याचा फ्लॅट, गाडीला कुलूप आणि पार्किंगची थकबाकी. मदत हवी आहे

दुसरीपाळी (सोमवार, रात्री ११:४०)
नमस्कार. उद्या परत ड्युटी आहे, म्हणून थोडक्यात लिहितो. आम्ही भाड्याने राहतो. आज पहाटे साडेपाचला खाली आलो तर गाडीच्या मागच्या चाकातून साखळी ओवून कुलूप घातलेलं. काचेवर गम लावून कागद चिकटवलाय: 'पार्किंग शुल्क थकबाकी ४,५००, दंड २,०००. रक्कम भरल्याशिवाय कुलूप निघणार नाही.' सही नाही, शिक्का नाही. खाली फक्त मोबाईल नंबर. लोट्याला कामावर सातच्या आत पोचायचं होतं. फोन केला तर माणूस साडेसातला आला, २,००० फोनपे करून घेतले आणि कुलूप काढलं. उरलेले ४,५०० रविवारपर्यंत द्या, नाहीतर परत कुलूप, असं सांगून गेला. हे पैसे द्यावे लागतात का? तक्रार कुठे करायची? कृपया लवकर सांगा.

घाटवाट
कुलूप कोणी लावलं ते लिहिलंच नाहीत. सोसायटीने, घरमालकाने की बिल्डरने? तिघांची उत्तरं वेगळी आहेत. करारात पार्किंगचा उल्लेख आहे का? करार नोंदवलेला आहे का? गाडी स्टिल्टमध्ये, म्हणजे इमारतीखाली खांबांमधल्या जागेत असते की बाहेर उघड्यावर?

माजी_सचिव
रत्नागिरीत नाचणे रोडच्या सोसायटीत मी अकरा वर्षं सचिव होतो, म्हणून अनुभवाने सांगतो. सोसायटीचं बिल सभासदाच्या नावाने निघतं. भाडेकरू सभासद नसतो, त्यामुळे सोसायटीने थेट तुमच्याकडे मागायचं कारणच नाही. पार्किंगचा दर सर्वसाधारण सभेत ठराव करून ठरतो, चेअरमनच्या मनाने नाही. ठरावाची प्रत मागा. आणि भाडेकरू ठेवला म्हणून मालकाकडून नॉन-ऑक्युपन्सी शुल्क घेत असतील, तर १ ऑगस्ट २००१ च्या शासन निर्णयाप्रमाणे ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. आमच्याकडे एका सभासदाने यावरून दोन वर्षं पत्रव्यवहार केला आणि शेवटी त्याचंच बरोबर निघालं.

ग्राहकहित
थेट १९१५ ला फोन करा, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. पैसे घेतले, पावती दिली नाही, म्हणजे ग्राहक तक्रारच झाली.

घाटवाट
ग्राहक कोणाचा ते आधी ठरू द्या. पार्किंगसाठी त्या माणसाशी यांचा काही व्यवहारच झालेला नसेल तर तक्रार उभी कशावर राहणार?

ग्राहकहित
२,००० घेतले की नाही? मग व्यवहार झाला. मी स्वतः दोन तक्रारी जिंकल्या आहेत.

दुसरीपाळी (मंगळवार, दुपार)
सोसायटी नाहीये हो. इमारत २०१९ ची आहे, अजून बिल्डरचाच माणूस सगळं बघतो. पाणी, लिफ्ट, जिन्याचे दिवे, सगळं त्याच्याकडे. मालक डोंबिवलीला असतात. करार अकरा महिन्यांचा, स्टॅम्पवर नोटरी केलेला. पार्किंगचं त्यात काही नाही. गाडी स्टिल्टमध्ये लावतो. पहिले दोन महिने बाहेर माडाखाली लावायचो, एकदा झावळ बॉनेटवर पडली म्हणून आत आणली. आता बिल्डरचा माणूस म्हणतो, गणपतीला मुंबईचे फ्लॅटवाले येणार, त्यांच्यासाठी जागा ठेवायच्यात, भाडेकरूंना महिना १,५०० पडतील. तीन महिन्यांचे ४,५०० लावलेत. पण तक्रार कुठे करायची ते अजून कोणी सांगितलेलं नाही.

स्टिल्ट_२०१०
हे आधी लिहायला हवं होतंत. स्टिल्ट पार्किंग बिल्डरला विकताच येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१० मध्ये नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सोसायटी या खटल्यात स्पष्ट सांगितलंय की स्टिल्टची जागा सामाईक आहे. जे विकता येत नाही ते भाड्याने कुठून देणार? एक पैसा देऊ नका.

घाटवाट
थांबा. तो निकाल १९६३ च्या मोफा कायद्यावर, म्हणजे फ्लॅट विक्रीच्या जुन्या कायद्यावर आहे. इमारत २०१९ ची आहे, रेरात, म्हणजे त्यानंतरच्या घरबांधणी कायद्यात नोंदलेली असणार. रेरात उघड्यावरची जागा विकता येत नाही, पण छताखालची विकता येते. तेव्हा प्रश्न असा आहे की यांच्या मालकाने फ्लॅटबरोबर पार्किंग घेतलंय का. घेतलं असेल तर ती जागा मालकाची, आणि त्यांच्या परवानगीने यांची. बिल्डर तिचं भाडं मागू शकत नाही.

स्टिल्ट_२०१०
आणि घेतलं नसेल तर?

घाटवाट
तर ती जागा बिल्डरने दुसऱ्या कोणाला दिलीय का ते बघायचं. तरीही साखळी लावायचा अधिकार त्याला मिळत नाही. वाद असेल तर नोटीस द्यावी, दाद मागावी. चाक बांधून पैसे काढणं ही वसुली नव्हे, अडवणूक आहे. पुन्हा कुलूप दिसलं तर पैसे न देता ११२ ला फोन करा.

वाशिष्ठीपार
विषय थोडा वेगळा आहे, पण चिपळूणात स्टिल्टमध्ये गाडी ठेवता म्हणून सांगतो. आमच्या इमारतीत २२ जुलै २०२१ ला पहाटे स्टिल्टचं पाणी बघता बघता छताला टेकलं. खालच्या सहाही गाड्या गेल्या. शेजाऱ्यांनी पाणी ओसरल्यावर घाईने गाडी सुरू करून पाहिली, पाणी इंजिनात ओढलं गेलं आणि विम्याने इंजिनाचे पैसे दिले नाहीत. त्यांच्या पॉलिसीत इंजिन प्रोटेक्ट, म्हणजे इंजिनाचं वेगळं संरक्षण नव्हतं. जोराचा पाऊस लागला आणि भरतीची वेळ असली की मी गाडी आधी उंचावर नेऊन ठेवतो, मग जेवतो. तुम्ही पण ठेवा.

दुसरीपाळी
धन्यवाद, पण मला पैशांचं सांगा हो. आणि तो कागद पावसात भिजून काचेला असा बसलाय की नखाने खरवडला तरी निघत नाही, वायपर अडकतोय.

सोलकढी
कोमट खोबरेल तेल लावून अर्धा तास ठेवा, मग जुन्या एटीएम कार्डाने हळूच सरकवा. निघतो.

माजी_सचिव
काढू नका! तो पुरावा आहे. आधी फोटो घ्या, नंबर नीट वाचता येईल असा. गाडीची नंबर प्लेट आणि कागद एकाच फोटोत येऊ द्या. फोनपेची पावतीही जपून ठेवा. कोणाच्या नावाने गेले पैसे?

दुसरीपाळी
त्या माणसाच्या स्वतःच्या नावाने. फोटो घेतला.

मालवणकार
माका कायदो कळना नाय, पण पैसे दिले काय कागद घेवचो, ह्या माका ठावक. आमच्या वाडीत पण एक जण असोच पार्किंगचे पैसे घेय, पावती मागली तसो गप झालो.

करारनोंदणी
भाडेकराराबद्दल कोणीच बोललं नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५: करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदवायची जबाबदारी मालकाची आहे. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. नोंदवलेला नसेल तर भाडेकरू ज्या अटी सांगेल त्या, उलट सिद्ध होईपर्यंत, खऱ्या धरतात. नगरपरिषद हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये आहे, घरबसल्या ऑनलाइन होते. पुढच्या करारात पार्किंगचा नंबर घालून घ्याच. पार्किंगबद्दल मालक तोंडी काही बोलले होते का?

दुसरीपाळी
तोंडी नाही, व्हॉट्सॲपवर. राहायला आलो तेव्हा त्यांनी लिहिलं होतं, 'गाडी ७ नंबरला लावा, आपली आहे.' मी तिथेच लावतो. हे महत्त्वाचं आहे का?

घाटवाट
अहो, सगळं त्यातच आहे! आजच मालकांना फोन करा. खरेदीखतात किंवा अलॉटमेंट पत्रात ७ नंबर आहे का विचारा, असेल तर त्या पानाचा फोटो मागवा. मग बिल्डरला दोन ओळींचं पत्र, मालकांच्या सहीने, स्पीड पोस्टाने: जागा आमची, शुल्क कशाचं ते लेखी कळवा, घेतलेले २,००० परत करा. प्रत पोलीस ठाण्यात द्या आणि पोच घ्या. सोसायटी का झाली नाही हा मालकांचा वेगळा मुद्दा. निम्म्याहून जास्त फ्लॅट बुक झाले की तीन महिन्यांत ती करायची असते, आणि त्याची तक्रार महारेराकडे (राज्याच्या रेरा प्राधिकरणाकडे) मालकांनी करायची, तुम्ही नाही.

ग्राहकहित
१९१५ ला तरीही फोन करा.

दुसरीपाळी (रविवार, संध्याकाळ)
मालकांच्या खरेदीखतात 'स्टिल्ट पार्किंग क्र. ७' स्पष्ट लिहिलंय. मालक फोनवर फार चिडले. त्यांनी वर्षभर देखभालीचे पैसे वेळेवर दिलेत आणि भाडेकरूकडून वेगळे पैसे मागितल्याचं त्यांना कोणी कळवलंही नव्हतं. पत्र शुक्रवारी पोस्टाने गेलं. प्रत घेऊन मी पोलीस ठाण्यात गेलो, पोच मिळाली. आज तो माणूस आला होता. मी खरेदीखताचं पान दाखवलं आणि म्हटलं, शुल्क कशाचं ते लेखी द्या, लगेच देतो. साहेबांना विचारतो म्हणाला आणि गेला. कुलूप लावलेलं नाही. ४,५०० दिले नाहीत. २,००० अजून आलेले नाहीत, ते मी सोडणार नाही. मालक गणपतीच्या आधी येतायत, तेव्हा त्यांच्याबरोबर बिल्डरच्या ऑफिसात जाईन आणि नवा करार नोंदवूनच घेईन. कागद तेलाने निघाला, काचेवर ओरखडा नाही.

करारनोंदणी
नोंदणीला जाताना मालकांचं आणि तुमचं आधार कार्ड, पॅन कार्ड आणि दोन साक्षीदार ठेवा.