टेक्सासच्या कंट्री डान्स हॉलला पहिल्यांदा जायचंय, सोलापुरात बसून काय तयारी करावी?

जुळे_सोलापूर: मुलगी-जावई ऑस्टिनला असतात. दिवाळीनंतर आम्ही दोघं तिकडे जातोय. जावईबापूंनी तिथलाच ब्रोकन स्पोक आणि न्यू ब्रॉनफेल्सचा ग्रीन हॉल, अशा दोन डान्स हॉलचा बेत आखलाय. नुसतं बाकावर बसून बघायचं नाही, नाचायचं, असा लेकीचा हट्ट! आमच्या ह्यांचा नाच म्हणजे गणपतीच्या मिरवणुकीतलं लेझीम, तेवढाच. घरी कसला सराव करावा? आणि तिथं गेल्यावर लोकांच्या पायात न येता कसं वावरायचं?

बाळीवेस_ठेका: ताई, आधी टू-स्टेप, म्हणजे कंट्री गाण्यांवरचा जोडीचा नाच, बसवा, बाकी सगळं नंतर. पावलं चारच: झटपट, झटपट, सावकाश, सावकाश. झटपट पावलाला 1 मात्रा, सावकाशला 2, म्हणजे फेरा 6 मात्रांचा. गाणं मात्र चाराच्या हिशेबात चालतं. केहरव्याच्या आठ मात्रांत मुरलेला कान दर फेऱ्याला सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, शोधायला जातो आणि पाय तिथंच अडखळतात. फेरा आणि गाणं 12 मात्रांनी, म्हणजे दोन फेरे झाल्यावरच जुळतात. तोवर समेचा नाद सोडा.

त्याऐवजी बासकडे, म्हणजे जाड आवाजाच्या गिटारकडे, कान द्या. बासचा ठोका 1 आणि 3 वर, ड्रमची थाप 2 आणि 4 वर. चार पावलांपैकी फक्त दुसरं झटपट पाऊल थापेवर पडतं, उरलेली तिन्ही बासवर. सावकाश पाऊल थापेवर पडायला लागलं की समजायचं, गाडी घसरली. तसंच रेटू नका. जागेवर वजन इकडून तिकडे करत बासची वाट बघा आणि पुन्हा सुरू करा.

पुरुष डाव्या पायाने पुढे, बाई उजव्या पायाने मागे. बाईने मागे वळून बघायचं नाही, पुढचा रस्ता सांभाळणं पुरुषाचं काम. त्याचा उजवा तळवा तिच्या डाव्या खांद्याच्या पात्यावर, तिचा डावा हात त्याच्या दंडावर, दुसरे दोन हात खांद्याच्या उंचीला, सैल धरलेले. दिशा छातीने द्यायची. हात ओढून दिली तर जोडी वाकडी होते.

लेझीमवाल्यांचा हमखास दोष म्हणजे गुडघ्यात दबून उसळी. इथं डोकं एका उंचीवर राहतं, पाऊल फरशीलगत सरकतं. पावलं छोटी ठेवा, लांब टाकलीत तर तुमच्या अंगठ्यावर ह्यांचा बूट येणार. सतरंजी गुंडाळून ठेवा आणि मोकळ्या फरशीवर, फोनवर मेट्रोनोम (एका वेगाने टकटक करणारं ॲप) लावून मिनिटाला 120 ठोक्यांनी सुरुवात करा. तिथली गाणी साधारण 160 ते 200 च्या घरात असतात.

वॉल्ट्झ हा जोडीचा दुसरा नाचही लागतोच. तो तीन-तीन मात्रांचा, दादरा ऐकणाऱ्याला फार जड जात नाही.

होटगी_रोड: ठेक्याचं वर आलंच आहे, फरशीचे नियम सांगतो. सगळी जोडपी हॉलभर घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात, म्हणजे आपल्या प्रदक्षिणेच्या उलट. बाहेरची कड वेगवान जोड्यांची. नवख्यांनी एक पट्टा आत राहावं. पण अगदी मध्यभागीही नको, तिथं जागच्या जागी गिरक्या घेणारे असतात. शिरताना मोकळी जागा बघा आणि मागून येणाऱ्या पुरुषाशी नजर मिळवून मगच आत या. चुकलात तर मध्ये थांबून चर्चा करू नका, हळूहळू कडेला सरका. फरशी आडवी ओलांडायची नाही आणि ग्लास घेऊन तर मुळीच नाही.

बँडच्या आधी शिकवणी असते का, ते त्या त्या हॉलला विचारून घ्या. असली तर चुकवू नका.

ग्रीन हॉल 1878 चा आहे, एसी नाही. अंगाला चिकटणारं सिंथेटिक टाळा. ब्रोकन स्पोक 1964 चा, ठेंगण्या छताचा.

जुळे_सोलापूर: दोघांचेही आभार! अजून दोन शंका. अनोळखी माणसाने नाचायला विचारलं तर? आणि ते काऊबॉय बूट घ्यावेच लागतात का ओ?

सात_रस्ता: विचारणं तिथं रीतीचंच आहे, वावगं काही नाही. होकार म्हणजे एका गाण्यापुरता. संपलं की आभार मानायचे, तो कडेपर्यंत सोडतो. नको असेल तर हसून ‘नो, थँक यू’ एवढंच, कारण द्यायची गरज नाही. बायकाही पुरुषांना विचारतात, तेव्हा तुमच्या ह्यांना आधीच सांगून ठेवा! नाचताना समोरच्याची पावलं दुरुस्त करत बसू नका, ते लोकांना आवडत नाही.

बुटांची, टोपीची सक्ती नसते. तळवा तेवढा महत्त्वाचा. स्पोर्ट शूजचा रबरी तळवा लाकडाला धरून बसतो, गिरकीत अंग वळतं, पाय वळत नाही आणि मुरगळा गुडघ्याला बसतो. ह्यांचे कातडी तळव्याचे फॉर्मल बूट चालतील. तुम्ही मागून बंद, बुटक्या टाचेचं काहीतरी घाला. कोल्हापुरीचा तळवा कातडी असला तरी मागे पाऊल टाकताना ती निसटते. ओढणी घरीच ठेवा, दुसऱ्याच्या बटणात अडकते. कुर्ता-जीन्स उत्तम.

दारावर प्रवेशाचे पैसे घेतात, थोडी रोकड ठेवा. दारू 21 वर्षांवरच्यांनाच मिळते, ओळखपत्र मागतील म्हणून पासपोर्ट जवळ असू द्या. नुसतं पाणी पिऊन नाचलात तरी कोणी काही म्हणत नाही.